न फाटलेलं ‘होय म्हाराजा’

“आत्या, एकच लक्षात ठेव. लाल दिवा लागता कामा नये. एकदा लागला, की खुद्द देवी बोलली तरी फाटलेलीच ऐकू येणार.”

रत्नागिरी स्टेशनात गाडी सुटता सुटता डब्याच्या दारातून भाचीने, म्हणजे ईशाने, एवढं सांगितलं आणि ओंजळीत मावेलसं, आवाज टिपायचं एक काळं यंत्र कमळाताईंच्या हातात ठेवलं. यंत्राला वरच्या अंगाला नाकतोड्याच्या मिशांसारखे दोन कान उभारलेले होते. ईशा मुंबईत माहितीपटवाल्यांबरोबर हिंडून आवाज घेण्याचं काम करते. हे नेमकं काय काम, ते शेजारणींना समजावून सांगणं कमळाताईंनी केव्हाच सोडून दिलं होतं. “रेडिओत आहे,” म्हटलं की सगळ्यांचं समाधान व्हायचं.

या खटाटोपाचं मूळ होतं यमुनामावशी. वय ब्याऐंशी, मुक्काम खेड, मुलाच्या घरी. तीन वर्षांपूर्वी मावशी न्हाणीघरात घसरली, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून देवदिवाळीला फणसकोंडला जाणं थांबलं. फणसकोंड हे मावशीचं माहेर आणि कमळाताईंचं आजोळ. तिथे देवदिवाळीच्या दुपारी ग्रामदेवी नवलाईच्या मंडपात गाऱ्हाणं घालतात. गावाचं जे मागणं असेल ते एक जाणता माणूस देवीपुढे बोलतो आणि दर वाक्याला सारा गाव एका आवाजात “होय म्हाराजा!” म्हणतो. तो जाणता माणूस म्हणजे मावशीचा धाकटा भाऊ, भागोजीमामा.

यात गावची एक रीत आहे. गावाच्या मागण्याला गावाने होय म्हटलं की झालं. पण एखाद्याचं स्वतःचं मागणं असेल, तर पहिलं ‘होय म्हाराजा’ त्याच्याच तोंडचं लागतं. दुसऱ्याने म्हणून चालत नाही. ते आलं नाही तर गाऱ्हाणं उघडं राहतं, आणि उघडं राहिलेलं गाऱ्हाणं देवी मोजत नाही.

गेल्या वर्षी नात्यातल्या कुणी मोबाईलवर ते टिपून मावशीला पाठवलं होतं. मामाचा आवाज मुंगीएवढा. आणि गावाचं ‘होय म्हाराजा’ आलं की पत्र्यावरून झावळ ओढावी तसा नुसता खर्रर्र. मावशीने फोन कानापासून लांब धरून विचारलं, “गो कमळे, देवळात कोन भांडतंय?” यंदा देवदिवाळी जवळ आली तशी मावशी कमळाताईंना जवळ बसवून म्हणाली, “औंदा माज्या पायाचं गाऱ्हानं घालायला सांग भागोजीला. आणि ते न फाटता माज्यापर्यंत आन. मी हितनं होय म्हनेन. एकदा पायरी चढायचीय गो मला.”

कमळाताईंनी शब्द दिला. त्यांच्या घरी दिलेला शब्द म्हणजे झाकून ठेवलेलं नैवेद्याचं ताट. देवाला पोचेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही.

आता कमळाताईंविषयी थोडं सांगायला हवं. त्यांनी सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात बत्तीस वर्षं काढली. आवाज असा, की समोरच्याला दोनदा “काय?” म्हणावं लागे. रोज पहाटे स्नान, बाळकृष्णाची पूजा, एकशे आठ नामं, तुळशीला अकरा प्रदक्षिणा. आणि दर सोमवारी उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत मौन. हे मौन नोकरीतही सुटलं नव्हतं. उलट सोमवारी त्यांच्या टेबलावरचा निपटारा सगळ्यात जास्त असे, कारण बोलत बसायची सोयच नव्हती.

अशा बाईने एका रात्रीत यंत्राची पुस्तिका वाचून काढली तर नवल नाही. पुस्तिकेत एक नवा शब्द भेटला: लिमिटर. मोठा आवाज आला की तो वरच्यावर धरून दाबायचा, म्हणजे फाटत नाही. कमळाताईंना हे फारच आवडलं. मोठ्याने बोलणाऱ्यांसाठी असं काही कचेरीत का नव्हतं, याची थोडी हळहळही वाटली. आवाज किती आत घ्यायचा, लिमिटरने दाबायचा किती आणि दाबून किती वेळ धरायचा, असे आकडे त्यात होते. आणि इथे त्यांच्या हातून चूक झाली. ज्या बाईने चातुर्मासात लक्ष वाती लावल्या, तिला कुठलाही आकडा कमी ठेवणं म्हणजे पुण्यात काटछाट वाटणार. त्यांनी सगळे आकडे अगदी शेवटपर्यंत नेले आणि यंत्राला हळदकुंकू वाहिलं.

आता चाचणी. चाचणीला मोठा आवाज हवा, आणि तोच तर त्यांच्याकडे नव्हता. समोरच्या दारी अस्लमभाई आणि हमिदाभाभी. अस्लमभाईंची उभी हयात बोटीवर गेलेली.

“कमळाताई, काळजीच सोडा,” ते म्हणाले. “भर तुफानात माझी हाक बोटीच्या दुसऱ्या टोकाला पोचायची. कॅप्टन म्हणायचा, अस्लम असताना भोंगा कशाला?”

यंत्र टेबलावर ठेवलं. अस्लमभाईंनी कॉलर नीट केली, दोन पावलं मागे सरले, छाती भरून घेतली आणि अत्यंत अदबीने म्हणाले, “नमस्कार. मी अस्लम बोलतोय.”

“अहो, ओरडा की!” हमिदाभाभी म्हणाल्या.

“काय ओरडू? काही कारण तर पाहिजे ना.”

“बघ गो कमळा. सालनात मीठ कमी पडलं तर अख्खी बिल्डिंग हलवतात, आणि आता बघ कसे नवऱ्या मुलासारखे लाजतायत!”

माणसाला सांगून ओरडता येत नाही, ही गोष्ट त्या दिवशी शाबीत झाली. पहिल्या मजल्यावरच्या सोनूबाईंनी कुकर आणून दिला. शिट्टी झकास झाली, पण गावाने ‘होय म्हाराजा’ म्हणणं वेगळं आणि तूरडाळ शिजणं वेगळं. तिसऱ्या मजल्यावरच्या समर्थने मोटरसायकलचा भोंगा सुचवला. सोसायटीच्या सेक्रेटरींनी सुचवलं, की हे सगळं दुसऱ्या इमारतीत करावं.

शेवटी संध्याकाळी कमळाताई एकट्याच यंत्र घेऊन जिन्यात बसल्या. जिन्यात आवाज घुमतो, तेव्हा निदान आपलाच थोडा मोठा होईल, हा हिशेब. ‘हॅलो हॅलो’ म्हणायची त्यांना लाज वाटायची. म्हणून मामाचं गाऱ्हाणं जसं लहानपणापासून कानात होतं, त्याच चालीत त्या हळूच म्हणाल्या, “हे आई नवलाई माते, आज तुझी लेकरं तुझ्या पायापाशी उभी रव्हलीत…”

“होय म्हाराजा!!”

तिसऱ्या मजल्यावरून समर्थ, पहिल्यावरून सोनूबाई, खाली गाड्यांपाशी उभे असलेले दोघे-तिघे, दूधवाला, आणि समोरच्या दारातून, तुफानातही दुसऱ्या टोकाला पोचणाऱ्या आवाजात, अस्लमभाई. आणि मग सगळे आपापल्या जागी दचकले, आपण कशाला ओरडलो म्हणून.

“अहो, तुम्ही?” हमिदाभाभींनी विचारलं.

“आता त्याला काय करू?” अस्लमभाई म्हणाले. “लहानपणी आमची शाळा देवळाला लागून होती. ती चाल ऐकली की तोंड आपोआप उघडतं.”

लाल दिवा लागायचा जेमतेम राहिला होता. पण आवाज मिळाला होता, आणि खराखुरा मिळाला होता.

कमळाताईंनी टिपलेलं सगळ्यांना ऐकवलं. फाटलं नव्हतं, हे खरं. पण झालं होतं ते विचित्रच. कमळाताईंची कुजबुज, घरातल्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक आणि अस्लमभाईंची गर्जना, तिन्ही एका मापाची. शिवाय दर ‘होय म्हाराजा’नंतर पुढच्या ओळीचा पहिला शब्द गडप.

“घड्याळ पण तेवढंच आणि आमचे हे पण तेवढेच!” हमिदाभाभी पदर तोंडाला लावून हसल्या. “हे यंत्र मला देऊन टाक गो. घरात उपयोगी पडेल.”

ईशाला फोन लावला. तिने सगळे आकडे एकेक करून वदवून घेतले.

“आत्या, तू दूध तापवताना पातेल्यावर आडवी पळी ठेवतेस ना? उतू जाणारं दूध ती पळी अडवते. लिमिटर म्हणजे ती पळी. पण खाली आच फुल ठेवलीस तर पळी काय करणार? आधी आच कमी कर. आवाज आत घेतानाच बेताचा घे. लिमिटर फक्त शेवटच्या उकळीपुरता.”

“आणि तो गिळलेला शब्द?”

“तू दाबून धरण्याचा वेळ पाचशे ठेवलायस. पन्नासवर आण. अडवलं की लगेच हात काढायचा.”

“पण मामाचा आवाज फार बारीक झालाय गं आता.”

“मग यंत्र घेऊन त्यांच्या जवळ बस. आच वाढवू नकोस, पातेलं जवळ ओढ.”

ही भाषा कमळाताईंना पुस्तिकेपेक्षा बरी समजली. पुढचे आठ दिवस रोज संध्याकाळी सहाला त्या जिन्यात बसून गाऱ्हाणं म्हणत, इमारत उत्तर देई आणि त्या एकेक आकडा खाली आणत. पण आता नवीनच काहीतरी सुरू झालं. लोक आपली मागणी आणून देऊ लागले. सोनूबाई म्हणाल्या, “उद्याच्यात पाण्याच्या टाकीचं घाला हो, कमळाताई. तीन महिने कुणी उघडली नाहीय.” चाचणीला काहीतरी म्हणायचंच होतं, म्हणून कमळाताईंनी घातलं. “आई, टाकीतला गाळ निघू दे गो!” “होय म्हाराजा!” असा काही आवाज उठला की रस्त्यावरची रिक्षा थांबली. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी टाकी साफ करवून घेतली आणि कमळाताईंना लेखी कळवलं, की जिना ही सामाईक जागा असून तीत बसून देवीला सोसायटीचा कारभार सांगू नये. बत्तीस वर्षांच्या नोकरीत कधी न आलेला, कमळाताईंचा हा पहिला मेमो. तो त्यांनी व्यवस्थित फाईलला लावला, आवक क्रमांक दिला, आणि सहाला पुन्हा जिन्यात बसल्या.

कमळाताईंनी मामाला धाडलेला निरोप गावभर झाला असावा, कारण एवढ्यात फणसकोंडच्या मुंबई मंडळाचा फोन आला. आमच्याकडे प्रत्येक गावाची दोन मंडळं असतात. एक गावात राहणारं आणि एक मुंबईत राहून गाव चालवणारं. चिटणीस सागर म्हणाला, “काकू, मागे कुणीतरी गाऱ्हाण्यावर नाचाचं गाणं लावून फिरवलं होतं. तेव्हापासून ठराव आहे. टिपायचं तर अर्ज, दोन्ही मंडळांची ना-हरकत, आणि ध्वनीची सरकारी परवानगी.”

“अरे, मी आवाज करणार नाही. घेणार आहे.”

“ठरावात ‘ध्वनी’ एवढंच लिहिलंय, काकू. करणं-घेणं लिहिलेलं नाहीय.”

ना-हरकती मिळाल्या. मग ध्वनीच्या परवानगीसाठी कमळाताई सरकारी कचेरीत गेल्या. तिथल्या कारकुनाने छापील नमुना पुढे ओढला.

“किती कर्णे?”

“एकही नाही.”

“स्पीकर?”

“नाही.”

“मिरवणूक कुठून कुठे?”

“मी एका जागी बसून असेन.”

कारकुनाने पेन खाली ठेवलं. “मावशी, हा आवाज सोडायचा नमुना आहे. आवाज गोळा करायचा नमुना शासनाने काढलेला नाही.”

“मग परवानगीची गरज नाही, असं लिहून द्या.”

“तसं लिहून द्यायचाही नमुना नाही.”

दुसरी कुणी असती तर भांडली असती. कमळाताईंनी पिशवीतून कोरा कागद काढला आणि बत्तीस वर्षांच्या वळणदार अक्षरात अर्ज लिहिला: ‘खाली सही करणार आपणांस कळवते, की ती देवदिवाळीच्या दिवशी मौजे फणसकोंड येथे कोणताही आवाज करणार नाही. तरी सदर बाबीची नोंद व्हावी.’

कारकुनाने तो तीनदा वाचला. नाकारण्यासारखं त्यात काही सापडेना. त्याने आवक शिक्का मारून पोच दिली. सागरने त्या गोल शिक्क्याचा फोटो मागवून मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि लिहिलं, ‘परवानगी प्राप्त.’ शिक्क्यावरचा अर्ज कुणी वाचला नाही.

सगळं जमलं म्हणून कमळाताईंनी दिनदर्शिका उघडली. देवदिवाळी सोमवारी होती.

सोमवार म्हणजे दिवेलागणीपर्यंत मौन. गाऱ्हाणं दुपारी. मौन धरल्यापासून अठरा वर्षांत एकही सोमवार मोडला नव्हता.

“एक दिवस सोड गो,” हमिदाभाभी म्हणाल्या. “अल्ला काय, तुझा देव काय, कारण समजून घेईल.”

“घेईल,” कमळाताई म्हणाल्या. “पण मी मावशीच्या नेमासाठी जातेय. तिच्यासाठी जाताना माझाच मोडून कसं चालेल? आणि सरकारलाही मी लिहून दिलंय, की आवाज करणार नाही.”

सोमवारी सकाळी अस्लमभाई आपली जुनी व्हॅन घेऊन हजर झाले. निघताना ईशाचा फोन. कमळाताईंनी उचलला आणि नखाने एकदा टक् केलं.

“आत्या, एक टक् म्हणजे होय, दोन म्हणजे नाही. सेल नवे घातलेस?”

टक्.

“लिमिटर चालू?”

टक्.

“मोकळा मंडप आहे, वारा लागेल. कानांवर घालायला काही आहे?”

टक् टक्. मग बराच वेळ काही नाही. मग टक्. ईशाला त्याचा अर्थ लागला नाही. कमळाताई देवघरात गेल्या होत्या. बाळकृष्णाची थंडीची लोकरीची टोपी, त्यांनीच विणलेली, त्यांनी हात जोडून, डोळे मिटून, मनातल्या मनात क्षमा मागून काढून घेतली. ती यंत्राच्या दोन्ही कानांवर चपखल बसली. मार्गशीर्षातल्या पहिल्याच दिवशी देव उघड्या डोक्याने राहिला.

फणसकोंडच्या मंडपात पोचल्या आणि पाहतात तो मुंबई मंडळाने आणलेले दोन पुरुषभर उंच स्पीकर. सागर माईकवर ‘चेक, चेक’ करत होता आणि प्रत्येक ‘चेक’ दरीत जाऊन चार-चार पिल्लं घेऊन परत येत होता. यात मामाचा आवाज सापडायचा कसा? त्यांनी वही काढून लिहिलं, ‘कृपा करून हे बंद ठेव.’

सागरने वाचलं. “काकू, तुमच्याच सोयीसाठी आहे! भागोजीआजोबांचा आवाज आता कुणाला ऐकू येतो?”

त्यांनी पुन्हा लिहिलं, ‘देवीला येतो.’ पण तोवर सागर वायर ओढायला गेला होता. हातवारे केले, तर त्याने त्या नमस्कार करतायत असं समजून परत नमस्कार केला. कमळाताई स्पीकरसमोर उभ्या राहिल्या. तोंडापर्यंत शब्द आले. बोलल्या असत्या, तर एका वाक्यात निभावलं असतं. ओठ घट्ट मिटून त्या तशाच उभ्या राहिल्या. दिवसभर एक दिवा लागू नये म्हणून जपायचं आणि एक दिवा लागायची वाट पाहायची, असा तो सोमवार.

तेवढ्यात भागोजीमामा आले. धोतर, खांद्यावर पंचा, हातात नारळ. सागरने माईक पुढे केला. मामांनी त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं.

“ह्ये काय रं?”

“तुमचा आवाज मोठा करायला, आजोबा.”

“देवी भैरी हाय काय रं?”

मंडप खो-खो हसला. सागरने माईक मागे घेतला.

मामांची नजर कमळाताईंकडे गेली. “कमळे, तू ही टोपी कोनाला घातलीस?” उत्तर नाही. “आज सोमवार न्हवं काय! बस गो, बस हितं माज्या पायाशी.” आणि पातेलं आपोआप जवळ ओढलं गेलं.

कमळाताईंनी यंत्र चालू केलं. मामांनी नारळ वर धरला.

“हे आई नवलाई माते…” आवाज पिंपळाच्या पानासारखा थरथरत होता. “आज बारा वाड्यांची तुजी लेकरां तुज्या म्होरं उभी हायत…”

“होय म्हाराजा!!”

यंत्राच्या काचेवरच्या, आवाज मोजणाऱ्या हिरव्या पट्ट्या उड्या मारत वर गेल्या, पिवळ्या झाल्या, आणि लाल दिव्याच्या बोटभर खाली कुणीतरी पळी आडवी धरावी तशा थांबल्या. लगेच खाली आल्या. मामांचा पुढचा शब्द पहिल्या अक्षरापासून मिळाला. कमळाताईंनी श्वास सोडला, तोही नाकाने, हळूच.

“कुनाची वाट चुकली आसंल, तर त्याला वाटंवर आन गो माय…”

“होय म्हाराजा!!”

“परमुलखात पोटासाठी गेलेल्यांना सुखी ठेव, दर्यावरल्यांना राखन दे…”

“होय म्हाराजा!!” यात अस्लमभाईंचा आवाज वेगळा ओळखू येत होता. पट्ट्या तिथे जराशा जास्त उसळल्या.

आणि मग मामा थांबले. नारळ खाली घेतला. गावाकडे वळले.

“आता एक मागनं हाय माज्या भैनीचं. यमुनेचं. तिचा पाय हाय. तिला पुढल्या साली तुजी पायरी चढव गो आई.” गावाने छात्या भरून घेतल्या, तशी मामांनी हात वर केला. “थांबा! ह्ये तिचं ‘होय’ हाय. तिचं तिनं म्हनायचं. तुमी सगळी गप ऱ्हवा. ही कमळी तिच्यापर्यंत नेतेय. तिला जागा ठेवा.”

दोनशे माणसं एकदम गप्प झाली. जन्मभर त्या जागी तोंड उघडायची सवय, त्यामुळे ते फार जड गेलं असणार. मागून कुणाचं तरी “हो—” निसटलं आणि तिथेच विझलं. कमळाताईंनी वळून पाहिलं. अस्लमभाईंनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं आणि डोळे मोठे केले होते.

ती शांतता किती वेळ होती? एका म्हातारीला खाटेवर उठून बसायला, पदर डोक्यावर घ्यायला आणि हात जोडायला लागतो, तेवढा वेळ. मामा तेवढं थांबले. मंडपाच्या कौलावर एक पान पडलं, तेसुद्धा यंत्राने घेतलं. मग मामांनी पुन्हा नारळ वर धरला.

दिवेलागण झाली. देवीपुढची समई पेटली तेव्हा मंडप रिकामा होता. मामा खांबाला टेकून बसले होते.

“गाऱ्हानं उघडं हाय, कमळे,” ते म्हणाले. “तिचं होय हितं येऊन देवीच्या कानावर पडंपर्यंत मी नारळ फोडनार नाय. आनशील न्हवं?”

कमळाताईंनी समईला हात जोडले. सबंध दिवसातलं पहिलं बोलणं. आवाज नेहमीसारखाच होता. मामांना कान पुढे करावा लागला.

“होय म्हाराजा,” त्या म्हणाल्या.

मंगळवारी पहाटे स्नान झालं, नामं झाली, प्रदक्षिणा झाल्या. बाळकृष्णाच्या डोक्यावर टोपी परत गेली. खेडची पहिली एस.टी. साडेसहाची. निघण्यापूर्वी त्यांनी यंत्र एकदा उघडून पाहिलं. आदल्या रात्री ईशा म्हणाली होती, “आत्या, आजीचं होय टिपायचं ते बंद खोलीत, आणि बोलणार ती एकटी, आजारी. तिथे लिमिटर नसला तरी चालेल.”

कमळाताईंचं बोट त्या बटणावर गेलं आणि थांबलं. यमुनामावशीचं ‘होय म्हाराजा’ तीन वर्षं आत साठलेलं होतं. ते केवढं निघेल, हे ईशाला काय ठाऊक?

लिमिटर त्यांनी चालूच ठेवला. यंत्र स्वच्छ धुतलेल्या रुमालात गुंडाळलं, पिशवीत प्रसादाशेजारी ठेवलं. आणि जिन्यातलं कुणी जागं होऊन ओ देऊ नये, म्हणून चपला हातात घेऊन त्या एकेक पायरी उतरू लागल्या.